डबलसीट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला यातला थोडा भाग माहीत आहे, तांबेसरांना थोडा, आणि आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादा यांना थोडा. त्या तिघांनी एकत्र बसून बोलावं असा योग कधी आला नाही — आणि येऊ नये याची काळजी मी घेतली. सगळं मिळून फक्त माझ्याकडे आहे. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगता येतंय. याला धैर्य समजू नका.

विषय ऐकलात तर हसाल. मोटरसायकल. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी मोटरसायकल शिकलो, परवाना काढला, आणि — पण थांबा, एकदम तिथे नको. मला तिथपर्यंत सावकाश यावं लागेल.

मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. राहायला महाडला, शाळा पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत गेलेल्या एका गावात. एसटी फाट्यावर सोडते, तिथून शाळेपर्यंत चढ. माझं मूळ गाव त्याच खोऱ्यातलं. तिथे आमची भातशेती आहे, आणि पालखीला खांदा द्यायचा मान आमच्या घराकडे आहे. हा मान कुणी दिला ते कुणाला माहीत नाही, पण तो काढून घेतला तर डोकी फुटतील एवढं सगळ्यांना माहीत आहे. तांबेसर त्याच खोऱ्यातले — बौद्धवाडीतले. ते विज्ञान शिकवतात. महाडमध्ये त्यांचं घर आमच्या मागच्या गल्लीत.

त्यांच्याकडे मोटरसायकल होती, माझ्याकडे नव्हती. म्हणून कित्येक वर्षं मी रोज सकाळी चौकात उभा राहायचो, ते यायचे, मी मागे बसायचो. वाटेत बोलणं व्हायचं. म्हणजे ते बोलायचे, त्यातलं अर्धं वाऱ्यावर जायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर मी वाद घालायचो. एकदा खड्ड्यात गाडी जोरात आदळली तेव्हा मी ओरडलो. ते म्हणाले, "सर, तुम्ही मागं बसून नुस्ता इतिहास बघता. पुढचा खड्डा मलाच बघायला लागतो."

अशी मैत्री होती. होती म्हणतो.

मुख्य गोष्टीआधी एक लहान गोष्ट कबूल करून टाकतो. मी भाषणं करतो. महाडमध्ये समतेवर बोलायला वक्त्यांची टंचाई नाही, पण मला बोलावतात, कारण मी थट्टा करतो. उशिरा येणारा पाहुणा, पंख्यामुळे न पेटणारी समई, शालीखाली घामाघूम झालेले सत्कारमूर्ती, समतेवर बोलायला येऊन सोफ्याशिवाय कुठेच न बसणारे पुढारी — या सगळ्यांवर मी बोलतो आणि लोक हसतात. मग, हसू ओसरलं की, मी आवाज खाली आणून एक वाक्य टाकायचो. "मी बोलत नाही, करतो. मी रोज माझ्या बौद्ध सहकाऱ्याच्या गाडीवर, त्यांच्या मागे बसून शाळेत जातो." टाळ्या. दर वेळी टाळ्या. दुसऱ्याच्या गाडीवर फुकट बसणं हे मी माझ्या नावावर पुण्य म्हणून जमा करून घेतलं होतं. इतरांचा डामडौल मला एक मैलावरून दिसतो. हा दिसला नाही.

तांबेसरांनी ते भाषण एकदा ऐकलं. परत येताना म्हणाले, "सर, माझी गाडी तुमच्या भाषणात आली. तिला सांगतो, खूष होईल." आम्ही दोघंही हसलो. ते कशाला हसले, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं का?

मग मी गाडी शिकायचं ठरवलं. एसटीच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या, तांबेसर रजेवर असले की माझी पंचाईत व्हायची, आणि दुसऱ्याला किती दिवस तसदी द्यायची — असं मी त्यांना सांगितलं. ही कारणं खोटी नव्हती. एवढंच सध्या पुरे. या कारणांकडे मला परत यावं लागणार आहे, आणि मला ते नको आहे.

शिकवलं तांबेसरांनीच. पाचाडच्या वाटेवर एका माळावर हेलिपॅड आहे. कुणा मोठ्या माणसाच्या दौऱ्यासाठी घाईघाईनं केलेलं. मोठा माणूस उतरला, हात जोडले, उडून गेला; मागे उरला डांबराचा गोल आणि त्यात पांढऱ्या रंगाचा इंग्रजी एच. तिथे आता बायका भात वाळत घालतात आणि उरलेल्या जागेत आसपासची माणसं गाडी शिकतात. सरकारी खर्चाचा इतका सरळ उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. रविवारी सकाळी तांबेसर मला मागे बसवून तिथे न्यायचे, गाडी माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः कॅरिअर धरून बाजूनं पळायचे.

प्रौढ माणसाला क्लच शिकवणं अवघड असतं. तो आधी व्याख्या मागतो.

"सर, व्याख्या नाय विचारायची. हळूहळू सोडा. हळू! अहो, सोडा म्हणजे टाका नव्हे!"

गाडी बेडकासारखी उडाली आणि मी एचच्या मधोमध आडवा झालो. भातावर पाय फिरवणाऱ्या दोघी थांबल्या.

"गो, मास्तर पडला वाटतं!"

"पडूंदे. भातावर नाय ना पडला?"

तांबेसर इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग उठून त्यांनी माझी पॅंट झटकली, माझा चष्मा शोधला, आपल्या रुमालानं पुसून दिला आणि म्हणाले, चला, परत. उन्हात ते कितीदा पळाले असतील? मी कधी मोजलं नाही. पळणाऱ्या माणसाकडे गाडीवरच्या माणसाचं लक्ष नसतं.

शिकाऊ परवाना मिळाला. मग पक्क्या परवान्याची चाचणी, महाडला, आरटीओच्या शिबिरात. गाडी चालवता येते की नाही याची परीक्षा द्यायला झाडून सगळे गाडी चालवत आले होते, आणि यात कुणालाही काही वावगं दिसत नव्हतं. मी एकटाच दुसऱ्याच्या मागे बसून आलो होतो. मैदानावर फक्कीनं इंग्रजी आठ काढला होता. पाय न टेकता त्यावरून गाडी फिरवायची. साहेब झाडाखाली खुर्चीत. माझ्या पुढे-मागे कॉलेजची पोरं. "काका, तुम्ही जावा आधी, आमचं काय," असं म्हणून त्यांनी मला पुढे काढलं — आदर म्हणून की करमणूक म्हणून, देव जाणे. मी गेलो. आठ निघाला. साहेबांनी मान हलवली. तांबेसर दोरीपलीकडून ओरडले, "निघाला, सर! नीट निघाला!" साहेबांनी त्यांच्याकडे रागानं पाहिलं.

चाचणीत मागे माणूस बसवून चालवायला सांगत नाहीत. परवान्यात मात्र ते येतं, असं धरून चालतात. जे शिकवलं नाही त्याचंही प्रमाणपत्र मिळतं, हे मला — शिक्षकाला — नवीन वाटायचं कारण नव्हतं.

गाडी घेतली. हार घातला, चाकाखाली लिंबू चिरडलं. त्याच आठवड्यात गावी गेलो, बायकोला मागे घेतलं. ती एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर पिशवी. देवळापुढच्या उतारावर वळताना तिनं पिशवी सावरली, मागचं वजन हललं, हँडल माझ्या हातातून फिरलं आणि गाडी आडवी झाली. वेग काहीच नव्हता. पण तापलेला सायलेन्सर तिच्या पोटरीवर आला. ती ओरडली. आणि मी — हे तिला माहीत आहे, ती त्याबद्दल कधी बोलत नाही — मी आधी तिच्याकडे पाहिलं नाही. आधी आजूबाजूला पाहिलं. कुणी बघितलं तर नाही ना?

कुणी बघितलं नव्हतं. चुलीतलं जळतं लाकूड पायावर पडलं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. माझ्या सांगण्यावरून.

त्यानंतर मी कुणाला मागे घेतलं नाही. एकटा असलो की गाडी छान चालायची. मागे कुणी बसलंय अशी नुसती कल्पना केली तरी तळहातांना घाम यायचा. हे एवढं मी कुणाला सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सोमवारी स्टाफरूममध्ये तांबेसरांनी विचारलं, "काय सर, वहिनींना फिरवून आणलं की नाय?" आणि मी म्हणालो, आणलं तर, आंबेनळी चढून महाबळेश्वरला जाऊन आलो.

का म्हणालो? मला खरंच माहीत नाही. तोंडातून गेलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मागे घेणं शक्य नव्हतं. "आंबेनळी! डबलसीट! अहो, भले भले त्या वळणांवर पाय टेकतात!" त्यांनी ते सगळ्या शाळेला सांगितलं, स्वतःचा मुलगा पहिला आल्यासारखं. कुणीतरी स्ट्रॉबेऱ्या मागितल्या. मी म्हणालो, वाटेतच संपल्या.

हे ध्यानात ठेवा. तांबेसरांच्या दृष्टीनं मी आता आंबेनळी डबलसीट चढणारा माणूस होतो.

पावसाळ्यात ते शाळेच्या पायरीवरून घसरले. शेवाळ धरलं होतं. डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन निघालो तर चौकात ते उभे. मी जिथे उभा राहायचो तिथेच. गळ्यात हाताची झोळी, उजव्या काखेत हेल्मेट. ते त्यांनी घरून आणलं होतं. मला विचारायची गरजही त्यांना वाटली नव्हती.

मी गाडी थांबवली. म्हणालो, "आज जरा घोटाळा आहे हो. पोलादपूरला बँकेत थांबायचंय."

"थांबू की. मला कुठं घाई?"

"नाही, वेळ लागेल तिथे."

ते बरं म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. दुसऱ्या दिवशी परत उभे. मी म्हणालो, ब्रेक ढिला वाटतोय, उगाच तुमच्या हाताला काही व्हायला नको. ते हसले. "ब्रेक ढिला हाय तर तुम्ही तरी कशाला मरायला जाता?" मी हसलो आणि गेलो. तिसऱ्या दिवशी लवकर निघालो, दुसऱ्या गल्लीनं.

एक वाक्य होतं. तांबेसर, मला डबलसीट येत नाही, महाबळेश्वर खोटं होतं. काय झालं असतं? ते आठवडाभर हसले असते. स्टाफरूममध्ये नक्कल केली असती. आणि रविवारी मला हेलिपॅडवर नेऊन, प्लास्टरसकट, माझ्या मागे बसून म्हणाले असते, चला, पाडा आता. हे मला आज सुचतंय असं नाही. तेव्हाही, चौकातून गाडी पुढे काढताना, मला हे पक्कं माहीत होतं.

ते एसटीनं येऊ लागले. पोलादपूरला गाडी बदलायची, फाट्यावर उतरायचं, तिथून शाळेपर्यंत पावसात चढ चालायचा. उशीर व्हायचा. त्यांचा पहिला तास दुसरं कुणीतरी घ्यायचं. एकदोनदा मी घेतला.

आता दादा. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, खोऱ्यातले मोठे बागायतदार. त्यांची जीप सगळ्यांना लांबून ओळखू येते, शिक्षकांना जरा जास्तच लांबून. एके सकाळी पोलादपूरच्या नाक्यावर मी पेट्रोल भरून निघत होतो तर समोरून दादा आले, छत्री मिटली आणि काही न विचारता मागे टांग टाकून बसले.

"चला मास्तर. जीप गॅरेजात हाय. आज तुमच्या इमानातनं."

त्यांना मी काय सांगणार होतो? बँक? ब्रेक? गाडी मागून दबली. मी पहिला गिअर टाकला. आता आडवी होणार, असं धरूनच क्लच सोडला. पण गाडी चालली. पाऊस, ओला रस्ता, मागे भरभक्कम माणूस — आणि गाडी सरळ चालली.

फाट्यावरून आत वळलो. चढावर पुढे एक माणूस चालत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताला, प्लास्टर भिजू नये म्हणून, प्लास्टिकची पिशवी बांधलेली. गाडीचा आवाज ऐकून तो बाजूला गवतात सरला आणि वळला. त्यानं मला पाहिलं. मग माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं. मग सवयीनं छत्री जराशी वर केली, नमस्कारासारखी.

"काय रे तांबे, पायी?" दादा ओरडले. आणि माझ्या कानाशी, "थांबू नका मास्तर, चढ हाय. चालूंदे त्याला, येतोय."

मी थांबलो नाही.

दादांना मी शाळेच्या दारात व्यवस्थित उतरवलं. ते म्हणाले, झकास चालवता की! म्हणजे मला डबलसीट येत होतं. भीती खरी होती, नाही असं नाही. पण दादांची भीती तिच्याहून मोठी निघाली आणि लहान भीती मुकाट्यानं बाजूला झाली. तांबेसरांची मला भीती नव्हती. म्हणूनच त्यांना 'नाही' म्हणता आलं. हे सांगताना माझं मलाच ऐकवत नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर ते मला प्रयोगशाळेत भेटले. एकटेच होते. कपाट बंद करत होते, एका हातानं कडी लागत नव्हती. मी पुढे होऊन लावली. ते म्हणाले, "सर, एक विचारतो. राग नको."

"विचारा ना."

"मी मागं बसलो तर काय अडचण हाय का?"

विचारून ते माझ्याकडे बघत राहिले. आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्यांना 'आहे' हे उत्तर चाललं असतं — कारणासकट. त्यांनी जागा करून दिली होती. इतकी वर्षं सीटवर करून देत होते, तशी.

मी म्हणालो, "छे छे. तसं काही नाही."

तुम्ही हे वाक्य ऐकलं असेल. भाड्याची खोली नाव विचारल्यावर अचानक दुसऱ्या कुणाला दिलेली असते, तेव्हा घरमालक हेच म्हणतो. तांबेसरांनी ते आयुष्यात किती तोंडांतून ऐकलं असेल? माझ्या तोंडून ते त्याच सुरात बाहेर पडलं. शिकवल्यासारखं. मला स्वतःलाच ऐकू आलं.

"ठीक आहे, सर," ते म्हणाले. आणि तासाला गेले.

मी त्यांना काय समजू दिलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात त्याच क्षणी आलं होतं. एका बाजूला भित्रा आणि थापाड्या म्हणून सगळी शाळा मला हसली असती. दुसऱ्या बाजूला एकच माणूस मला जात पाळणारा समजला असता — आणि ते कुणाला सांगितलं नसतं. मी दुसरी बाजू निवडली. ते कुणाला सांगणार नाहीत ही खात्री कशाच्या जोरावर होती? त्यांच्या चांगुलपणाच्या. त्यावरही मी मागे बसलोच होतो.

आता त्या कारणांकडे येतो. मी गाडी का शिकलो.

त्याच्या थोडं आधी शाळेत बक्षीस समारंभ झाला. मी नेहमीप्रमाणे बोललो, नेहमीप्रमाणे ते वाक्य टाकलं, टाळ्या घेतल्या. नंतर चहाच्या वेळी दादा माझ्या शेजारी उभे होते. बशीत चहा ओतता ओतता, अगदी सहज, हसत म्हणाले, "मास्तर, भाषान ठीक हाय. पण किती वर्सं तांब्याच्या मागं बसनार? आपल्यातल्या पोरांना बरं नाय दिसत."

शेकडो माणसांसमोर माईकवर मला उत्तरं सुचतात. तिथे एक माणूस होता आणि एक बशी होती. मी हसलो. नुसता हसलो — तोंड मिटून नाही, चांगलं आवाज काढून. आणि पुढच्याच आठवड्यात तांबेसरांना म्हणालो, मला गाडी शिकायची आहे, तुम्हाला किती तसदी द्यायची.

म्हणजे त्या हेलिपॅडवर, उन्हात, ते कॅरिअर धरून पळत होते, ते मला त्यांच्यापासून सोडवायला. त्यांना हे माहीत नाही.

आणि म्हणूनच, चौकातल्या त्या पहिल्या सकाळी मला फक्त पडायची भीती वाटली, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हेल्मेट काखेत घेऊन उभे असलेले तांबेसर दिसले तेव्हा पहिलं काय आलं मनात? सायलेन्सर? की पोलादपूरच्या नाक्यावर कोण कोण उभं असेल, ते? मी हे पुष्कळदा शोधून पाहिलंय. दर वेळी सायलेन्सर आधी सापडतो. इतक्या चटकन सापडतो की माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

पुढे त्यांचं प्लास्टर निघालं. ते आपल्या गाडीवर येऊ लागले, मी माझ्या. मला डबलसीट नीट यावं म्हणून मी मागे तांदळाचं पोतं बांधून हेलिपॅडवर चकरा मारल्या — एकटाच गेलो होतो. भातवाल्या बायका म्हणाल्या, मास्तर पोत्याला देवदर्शनाला नेतोय काय? शिकलो. छान शिकलो. आता बायको बसते, मेहुणा बसतो. पोतं काही विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तांबेसर माझ्याशी वाईट वागले नाहीत. कधीच नाही. समोर आले की नमस्कार सर, झाला का चहा सर. माझी टिंगल मात्र त्यांनी परत कधी केली नाही. आणि मी पुढच्या भाषणात ते वाक्य आलं तेव्हा थांबलो का? नाही थांबलो. फक्त भूतकाळात घातलं. "मी कित्येक वर्षं माझ्या बौद्ध सहकाऱ्याच्या मागे बसून गेलो." टाळ्या तेवढ्याच पडल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. ही मुलगी मला काका म्हणायची. लहानपणी निबंध दाखवायला आमच्या घरी यायची. पत्रिका शाळेत आली, सर्व शिक्षकांच्या नावे एक. घरी वेगळी आली नाही. मी गेलो. हॉल महाडमध्येच होता. वंदना झाली, मंगल परिणय झाला, मुलगी पांढऱ्या साडीत सुंदर दिसत होती. दारात तांबेसर हात जोडून उभे होते. "या सर," म्हणाले, आणि स्वतः मला पुढे नेऊन सोफ्यावर बसवलं. शेजारी दादा होते.

जेवणं सुरू झाली. लोक उठू लागले. ज्या माणसाच्या घरी मी कितीदा मांडी घालून सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी मागून मागून खाल्ली होती, त्याच्या घरचं हे लग्न. मला भूक होती. मी उठणार एवढ्यात दादा मोठ्यानं म्हणाले, "तांबे, मला जेवनाचा आग्रव नको हां. डाक्टरनं बंद केलंय बाहेरचं."

"माहीत आहे, दादा," तांबेसर म्हणाले. ते आधीच आमच्याकडे येत होते. हातात, न जेवणाऱ्या पाहुण्यांसाठी आणून ठेवतात तशा, थंड पेयाच्या बाटल्या होत्या, झाकण काढलेल्या, स्ट्रॉ घातलेल्या. एक त्यांनी दादांना दिली.

दुसरी माझ्यासाठी होती.

त्यांनी ती पुढे केली, अगदी सौजन्यानं, आणि बाटली धरून ते उभे राहिले. मी जेवणार आहे — एवढंच म्हणायचं होतं. दादा स्ट्रॉ तोंडात धरून माझ्याकडे बघत होते.

मी बाटली घेतली. ती संपवली, आणि न जेवता घरी आलो.